होडी कुजते ती गोड्या पाण्यानं
घरची होडी : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपली 12 फुटी होडी आकाराला आली. प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेनं शिवल्या, सांध्यात इपॉक्सीचा लगदा भरला, वरून काचेच्या कापडाची पट्टी चढवली. इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण रंगाचा डबा उघडतात. तुम्ही तो अजून बंदच ठेवा. धाटाव-रोह्याच्या पट्ट्यात होडी किती वर्षं टिकणार, हे रंगावर ठरत नाही. गोडं पाणी लाकडात कुठून शिरतं आणि शिरलेलं किती दिवस मुक्काम ठोकतं, यावर ते ठरतं.

हे अनेकांना उलटं वाटेल, कारण खारं पाणी सगळं खातं अशी आपली समजूत. लोखंडी खिळ्यांपुरती ती खरी आहे. पण लाकूड कुजवते ती बुरशी आणि मीठ तिला मानवत नाही. उत्तर अमेरिकेतले जुने जहाजबांधणी कारागीर तर जहाजाच्या वाकांमधल्या, म्हणजे फासळ्यांमधल्या, पोकळ्यांत मुद्दाम मीठ भरून ठेवायचे. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला पाय रोवता येत नाहीत. खाऱ्या पाण्यातला शत्रू निराळा. त्याला शिपवर्म म्हणतात, पण तो किडा नव्हे, शिंपल्याच्या कुळातला जीव. उघडं लाकूड तो आतून पोखरून काढतो, मात्र गोड्या पाण्यात फार काळ तग धरत नाही. म्हणजे रेवदंडा-साळावच्या खाडीतून वर रोह्याकडे यावं, तसा एक शत्रू मागे पडतो आणि दुसरा बळावतो.

रोह्याच्या कुंडलिका नदीचं गोडं पाणी केवळ पावसाळ्यापुरतं नाही. 1927 साली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हापासून मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून या नदीत येतं. सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. एरवी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेला गेलं असतं ते पाणी वीज करून इकडे सुटतं, कोलाडचं राफ्टिंग त्यावर चालतं आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांना आणि कारखान्यांना मिळतं. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, तशी ही पडत नाही.

त्यात वरून पाऊस. आपल्या होडीचं उघडं तोंड साधारण साडेतीन चौरस मीटर धरा. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत तो होतोच, तर होडीत साडेतीनशे लिटर पाणी साठतं. होडी बुडाली नाही तरी ते पाणी कोपऱ्याकोपऱ्यांत उभं राहतं. खाडीकाठचे कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात ते उगाच नाही.

आता प्लायचं बघू. दुकानात ‘710’ मागा. हा मरीन प्लायचा भारतीय मानकाचा क्रमांक, आयएस 710. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते तपासतात. ही परीक्षा गोंदाची असते. गोंद सुटला नाही म्हणून आतलं लाकूड कुजणार नाही, अशी हमी कोणी देत नाही. फळीच्या सपाट अंगातून पाणी सावकाश मुरतं, पण कापलेल्या कडेला लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि वात तेल ओढते तशी ती कड पाणी ओढते.

म्हणून रंगाआधी सगळ्या कडा इपॉक्सीनं पाजून घ्यायच्या. पाजून हा शब्द जपून वापरला आहे. पातळ इपॉक्सीचा पहिला हात फिरवा आणि पाच मिनिटांनी बघा. सपाट भाग चकचकीत असेल आणि कड कोरडी, निस्तेज दिसेल. तिनं सगळं पिऊन टाकलेलं असतं. पहिला हात चिकट असतानाच दुसरा द्या, मग तिसरा. कड चकाकायला लागली की थांबा. स्क्रूच्या भोकांचंही तेच. भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीच्या लगद्यानं बुजवायचं आणि सुकल्यावर मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू घालायचा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साबणाच्या पाण्यानं धुऊन, घासून मगच पुढचं काम करा, नाहीतर रंग पापुद्र्यानं निघतो.

प्रत्येक वाकाच्या तळाशी बोटभर रुंद खाच ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी अडून न राहता मागे वाहील. मागच्या फळीत सगळ्यांत खालच्या जागी बूच हवं. घरी बांधलेल्या होड्यांत या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात.

ज्यांची होडी आधीच गळते आहे, त्यांनी ती नदीत टाकून गळती शोधू नये. होडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, आत वीतभर पाणी भरा आणि खाली वाकून बघा. थेंब दिसेल तिथे खडूनं खूण करा. मग पाणी काढून कुजका भाग शोधा. पेचकसाचं टोक सांध्याजवळ दाबत जा. चांगल्या लाकडात ते अडतं, कुजक्यात लोण्यासारखं आत जातं. तिथे वरून लगदा थापून काही होत नाही. कुजकं सगळं, शिवाय त्याच्याभोवतीचं वीतभर चांगलं लाकूडही कापून काढा. नव्या तुकड्याच्या आणि जुन्या फळीच्या कडा तिरप्या तासून बसवा. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे 6 मिलिमीटरच्या प्लायला 48 मिलिमीटर.

फायबरची होडी कुजत नाही, पण गोडं पाणी तिलाही सोडत नाही. वरच्या जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं, आतली पूर्ण न पिकलेली रसायनं विरघळवतं आणि तळाला फोड येतात. फोड फोडला की आंबट वासाचा द्रव निघतो. हा त्रास खाऱ्यापेक्षा गोड्या, कोमट पाण्यात जास्त. फोड उघडून पुन्हा पुन्हा धुवा, काही आठवडे सुकवा आणि इपॉक्सीच्या फिलरनं भरा. सुकलं की नाही हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं तळावर चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. पॉलिएस्टर रेझिन वापरत असाल तर एक गोष्ट पाठ करून ठेवा : कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर.

तार आणि रेझिनची ही पद्धत गाजवली ती 1963 साली इंग्लंडमध्ये आलेल्या ‘मिरर’ या शिडाच्या होडीनं. ती घरच्या घरी बांधता यावी म्हणूनच आखली होती. 1980च्या दशकात हीच पद्धत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुट्टमला पोचली आणि तिथले मच्छीमार प्लायच्या होड्या समुद्रात नेऊ लागले. त्या होड्या काम झालं की वाळूवर ओढल्या जातात, उन्हात सुकतात. आपली मात्र नदीत बांधलेली राहते. तिला सुकणं आपणहून मिळत नाही, ते आपण द्यावं लागतं.

म्हणून 1 जूनच्या आत होडी वर काढा. उलटी करून दोन ठोकळ्यांवर ठेवा, जमिनीपासून हातभर वर. ताडपत्री घाला, पण गुंडाळू नका, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी राहू द्या. तरंगण्यासाठी होडीत डबे किंवा ड्रम बसवणार असाल तर कारखान्यांतून भंगारात आलेले रसायनाचे ड्रम स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यांत आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पुढच्या आठवड्यात वल्ही, इंजिनाची बैठक आणि मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी. तोवर कडा पाजून घ्या, रंगाची घाई करू नका.