नंबर वाचता आला तरच कॅमेरा कामाचा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या तीर्थपुरी भागातले रस्ते रात्रभर जागे असतात. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, तोडणी मजुरांच्या गाड्या यांची ये-जा चालू असते. या वर्दळीत कोणती गाडी उसाची आणि कोणती भलत्याच कामाची, हे ओळखू येत नाही. पाण्याची मोटार, तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्यांची बंडले, ट्रॅक्टरची बॅटरी, कधी अख्खी ट्रॉली रातोरात जाते. म्हणून अलीकडे घरावर, वस्तीवर, गोठ्यावर कॅमेरे दिसू लागले आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु गटात फिरताना आम्हांला एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते : "साहेब, गाडी दिसते, माणूस दिसतो, पण नंबर काही दिसंना!"

आमच्या भागातील एका सभासदाच्या वस्तीवरून ट्रॉली गेली. चार कॅमेरे होते. चित्रात ट्रॅक्टर आला, ट्रॉली जोडली आणि निघून गेला. सगळे स्वच्छ दिसले. नंबराच्या जागी मात्र पांढरा लखलखाट! चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न आला तो नंबराचाच. निळा ट्रॅक्टर एवढ्याच खुणेवर शोध कुठवर जाणार? आपल्याकडे जालन्याच्या एमएच २१ बरोबर संभाजीनगरच्या एमएच २०, परभणीच्या एमएच २२ आणि गोदावरीपलीकडून बीडच्या एमएच २३ अशा सगळ्याच गाड्या फिरतात. एक आकडा चुकला तर जिल्हा बदलतो.

म्हणून कॅमेरा घेताना काय पाहावे, याची माहिती या अंकात देत आहोत.

अक्षर केवढे, चित्र केवढे?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे ट्रक, मोटारगाडी यांच्या पाटीवरील अक्षर ६५ मिलीमीटर उंच असते. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरे ३५ व आकडे ४० आणि पुढच्या पाटीवर दोन्ही अवघे ३० मिलीमीटर असतात. कॅमेऱ्याला हे अक्षर बारीक ठिपक्यांनी काढावे लागते. रांगोळीत ठिपके कमी पडले की नक्षी उमटत नाही, तसेच येथे होते. नंबर भरवशाने वाचायचा तर अक्षराच्या उंचीत किमान पंधरा-सोळा ठिपके पडले पाहिजेत. मोठ्या गाडीसाठी याचा अर्थ दर मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके.

आता हिशेब करू. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० ठिपके असतात. दुकानात सहसा मिळतो तो २.८ मिलीमीटर लेन्सचा कॅमेरा दहा मीटरवर जवळपास वीस मीटर रुंदीचा भाग दाखवतो. अंगण, गोठा, विहीर, रस्ता सगळे एका चित्रात येते आणि मालक खूश होतो. पण १,९२० ठिपके वीस मीटरवर पसरले म्हणजे मीटरला ९६ पडले आणि ६५ मिलीमीटरच्या अक्षराला फक्त सहा. सहा ठिपक्यांत ३ आणि ८ यांत फरक कसा दिसणार?

तेथेच ६ मिलीमीटरची लेन्स लावली तर चित्र नऊ मीटर रुंद होते आणि अक्षराला चौदा ठिपके मिळतात. १२ मिलीमीटरची लावली तर चित्र साडेचार मीटरचे होते आणि अक्षराला सत्तावीस मिळतात. मग मोटारसायकलची मागची पाटीसुद्धा वाचता येते. थोडक्यात, लेन्सचा आकडा मोठा तेवढी नजर अरुंद आणि लांबची. एका एकराचे खत पाच एकरांवर फेकले तर कोणत्याच उसाला पुरत नाही. ठिपक्यांचेही तसेच आहे.

तेव्हा दुकानदाराला "किती मेगापिक्सेल?" एवढेच विचारू नका. "लेन्स किती मिलीमीटरची?" हेही विचारा. जागेवर कमी-जास्त करता येणारी, २.८ ते १२ मिलीमीटरची लेन्स मिळते. ती घेतलेली बरी. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसा उपयोगी पडतो. पण तेवढ्याच आकाराच्या पडद्यावर ठिपके वाढवले तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि रात्री चित्र खराब होते.

रात्रीची गोष्ट वेगळी

चोरी रात्रीची आणि कॅमेऱ्याची खरी परीक्षाही रात्रीचीच. येथे दोन अडचणी येतात.

पहिली अडचण हलण्याची. अंधारात उजेड गोळा करायला कॅमेरा आपली झडप, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडी ठेवतो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. झडप सेकंदाचा पंचविसावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यात गाडी ३३ सेंटीमीटर पुढे सरकते आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. तीच झडप हजारावा भाग उघडी ठेवली तर गाडी एक सेंटीमीटरही सरकत नाही. म्हणून शटरचा वेग हाताने ठरवता येईल असाच कॅमेरा घ्या आणि रात्रीसाठी तो पाचशेव्या ते हजाराव्या भागावर ठेवायला सांगा.

दुसरी अडचण लखलखाटाची. नवी पाटी उजेड आल्या वाटेने परत फेकते. कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्यांचा उजेड पाटीवर पडून सरळ कॅमेऱ्यात येतो आणि पाटी पांढरीफटक दिसते. त्यात समोरून हेडलाइट. येथेही झडप लवकर मिटणे हाच उपाय आहे. मग आजूबाजूचे सगळे चित्र काळे पडते, पाटी मात्र काळ्या फळ्यावरच्या खडूसारखी उठून दिसते. चित्र काळे आले म्हणून घाबरू नका.

एक लक्षात घ्या. खोक्यावर लिहिलेले "रात्री ३० मीटर" म्हणजे तीस मीटरवर माणूस आहे एवढे कळेल. तेथे नंबर वाचता येईल, असा त्याचा अर्थ नव्हे.

दोन कॅमेरे, दोन कामे

यावरून उघड आहे की जो कॅमेरा अंगण राखतो, तो नंबर टिपणार नाही आणि नंबर टिपणाऱ्याला अंगण दिसणार नाही. चार रुंद कॅमेरे लावण्यापेक्षा तीन रुंद आणि एक फक्त नंबरासाठी लावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये वाहतूक नियंत्रणाची नवी यंत्रणा सुरू झाली. तेथेही रस्त्यावर आडव्या कमानी उभारून कॅमेरे गाड्यांवर रोखलेले आहेत. आपल्या वस्तीवर कमान नको, पण तत्त्व तेच.

जागा निवडताना गाडी कोठे हळू होते ते पाहा. फाटकाचा तोंडवळा, कालव्यावरचा पूल, नळकांडी, वळण किंवा गतिरोधक अशी जागा उत्तम. कॅमेरा फार उंच नको आणि फार बाजूलाही नको. पाटीकडे पाहण्याचा कोन ३० अंशांच्या आत राहिला पाहिजे. तीन मीटर उंचीवर बसवला तर गाडी निदान सहा मीटर दूर असतानाच नंबर टिपला जावा. शक्यतो गाडीची पाठ दिसेल असा रोख धरा. हेडलाइट टळतो आणि मोटारसायकलची मोठी पाटी मिळते.

वीज, साठवण आणि घड्याळ

शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, तेव्हा कॅमेरा आणि रेकॉर्डर घरगुती जोडणीवर व इन्व्हर्टरवर ठेवा. सौर कॅमेरे मिळतात, पण त्यांपैकी बरेचसे बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेले असतात आणि हालचाल झाल्यावर जागे होतात. ते डोळे उघडीपर्यंत गाडी निघून जाते. घेण्यापूर्वी तो चोवीस तास चित्रण करतो का, ते पाहा.

एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला सुमारे २२ जीबी जागा लागते. एक टीबीच्या डिस्कवर एका कॅमेऱ्याचे दीड महिना, पण चार कॅमेऱ्यांचे अकराच दिवस मावतात. पुढे जुने पुसले जाते. घटना घडली की त्याच दिवशी चित्रण बाजूला काढून ठेवा. रेकॉर्डरचे घड्याळ बरोबर लावा आणि आलेला पासवर्ड बदला. काचेवर धूळ आणि भुसा बसतो, जाळी धरते. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसा.

कोर्टात काय लागते?

कॅमेऱ्याच्या पुराव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालना जिल्ह्यातल्याच प्रकरणात लागला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण पुराव्यात आले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र हजर न करता नुसती नक्कल दिली, तर तिच्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे.

आपण यातून घ्यायचे ते एवढेच : मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून गावभर पाठवण्याने काम भागत नाही. मूळ रेकॉर्डर जपा, त्यातले काही पुसू नका आणि पोलिसांत तक्रार देतानाच चित्रण असल्याचे सांगा. नंबर मिळाला म्हणून स्वतः कोणाच्या दारात जाऊ नका. पाटी खोटीही असू शकते. तसेच कॅमेऱ्याचा रोख आपल्या वाटेवर असावा. शेजाऱ्याच्या अंगणावर किंवा तोडणी मजुरांच्या खोप्यांवर नसावा. त्यांच्या लेकीबाळींची लाज ती आपलीही लाज.

आपल्या गाडीचा नंबर दिसतो का?

दुसऱ्याचा नंबर टिपायचा तर आपलाही दिसला पाहिजे. ट्रॅक्टरची पाटी चिखलाने माखलेली, ट्रॉलीला पाटीच नाही, असलेली पाटी वाढ्यांखाली झाकलेली, असे चित्र गव्हाणीपाशी रोज दिसते. ट्रॉलीलाही स्वतंत्र नंबर असतो. तो आणि मागच्या चमकत्या पट्ट्या दिसतील अशाच ठेवा. उद्या आपली ट्रॉली गेली तर तिची ओळख तोच नंबर पटवील. आणि अंधारात मागून येणाऱ्या पोराचा जीव त्या पट्ट्या वाचवतील.

शेवटी व्यवहाराचे सांगतो. बसवणाऱ्याला पूर्ण पैसे देण्याआधी एक रात्र परीक्षा घ्या. आपलाच ट्रॅक्टर दिवे लावून आणि मग मोटारसायकल, नेहमीच्या वेगाने फाटकातून न्या. लगेच पडद्यावर नव्हे, तर साठवलेले चित्रण थांबवून पाहा. घरातल्या शाळकरी मुलाला नंबर वाचायला सांगा. त्याने न अडखळता वाचला तर पैसे द्या. नाही वाचला, तर लेन्स आणि शटर बदलून घ्या. बेणे पारखून घेता, तसाच कॅमेराही पारखून घ्या, एवढीच विनंती.