तास विकत घेताय की नग?

"माणसं वेळेवर येत नाहीत" ही तक्रार कमेंटमध्ये रोज असते. ही तक्रार जुनी आहे, पण कारखान्याइतकीच जुनी!

त्याआधी इंग्लंडमधला विणकर घरातच माग चालवायचा. व्यापारी कापूस नाहीतर सूत देऊन जायचा, मजुरी तयार मालावर. बायको सूत कातायची, पोरं कापूस पिंजायची. सोमवारी बरेच कारागीर चक्क दांडी मारायचे. त्याला गमतीने 'सेंट मंडे' म्हणत. मग आठवड्याच्या शेवटी रात्री जागून माल पुरा करायचा. कष्ट कमी नव्हते बरं का, पण वेळ त्यांच्या हातात होता.

१७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारायला घेतली. चाक रात्रंदिवस फिरणार, मग माणसांच्याही बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. पाचला घंटा, सहाला फाटक बंद. उशीर झाला की त्या दिवसाचं काम गेलंच, वर आणखी एका दिवसाची मजुरी कापली. यात लहान मुलंही होती.

आणि गंमत बघा. त्यानेच १७७६ मध्ये नॉर्थ स्ट्रीटवर कामगारांसाठी घरं बांधली, तेव्हा वरचा मजला मागासाठी ठेवला. बायकापोरं गिरणीत घंटेवर, पुरुष घरी नगावर.

तुमच्या युनिटमध्ये मशीनवरच्या माणसाला ठरलेली वेळ लागणारच. पण घरून शिवून देणाऱ्या ताईंना "दहाला फोन का उचलला नाही?" असं कशाला विचारता? त्यांच्याशी तुमचं बोलणं नगाचं झालंय ना?