पत्र्यावरचं अक्रोड

१९३५ साली जनरल मोटर्सनं ‘टरेट टॉप’ नावाचं सलग पोलादी छप्पर आणलं, तेव्हा मोटारीतल्या लाकडाचे दिवस भरत आले होते. बॉडी पोलादाची होत गेली, तसा आतला डॅशबोर्ड आणि खिडक्यांच्या चौकटीही पत्र्याच्या झाल्या. गिऱ्हाइकाला मात्र आत बसल्यावर दिवाणखान्याचा थाट हवाच होता. मग कारखान्यांनी पत्र्यावरच लाकूड छापलं.

हे अक्षरशः छापणंच. आधी फिकट तपकिरी रंगाचा थर. मग धातूच्या प्लेटवर कोरलेल्या अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या शिरांत शाई भरायची, वरची जास्तीची शाई पात्यानं खरवडायची, मऊ रोलर प्लेटवरून फिरवून ठसा उचलायचा आणि तोच पत्र्यावर उतरवायचा. शेवटी लॅकर. रोलर मऊ असण्याला कारण होतं: चौकट गोलाईची, कडक रोलर तिच्या वळणात टेकलाच नसता. ब्रशनं हुबेहूब शिरा काढणारे रंगारी फार आधीपासून होते; जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातही साध्या लाकडावर उंची लाकडाचा आव आणलेला आहे. म्हणजे हे सोंग श्रीमंतांनाही वर्ज्य नव्हतं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धापायी अमेरिकेत खाजगी मोटारी बनणं थांबलं. युद्धानंतर आधी जुन्याच साच्यातल्या गाड्या निघाल्या, त्यामुळे छापील लाकूड आणखी काही वर्षं तगलं. पुढे लाकडाचं चित्र छापलेली, चिकटवायची फिल्म आली. फोर्डच्या कंट्री स्क्वायरच्या बाहेरच्या अंगावर तर १९५२ पासून खऱ्या फळ्यांऐवजी तीच. आपल्याकडच्या सनमायकाची ही सख्खी बहीण. तिच्यात माझं मन रमत नाही.

छापील लाकडाच्या गाड्या जुन्या झाल्यावर ज्यांच्या हाती आल्या, त्यातल्या कित्येकांनी चौकटींवर सरळ चॉकलेटी रंग फासला. काहींनी खरं व्हीनियर चिकटवलं. माझ्या मते दुसरा अपराध मोठा. रंग खरवडता येतो, पण तीसच्या दशकातल्या साध्या शेवरलेला खरं अक्रोड चढवणं म्हणजे तिच्या नावावर खोटी मालमत्ता करणं.

अशी गाडी मूळ रूपात आणताना नीट काम करणारा कारागीर रंग उतरवण्याचं रसायन हातात घेण्याआधी फोटो काढतो. उन्हानं शिरा विटतात, लॅकर पिवळं पडतं, तडकतं. उघड्या भागावरून रंग ठरवला तर हमखास चुकतो. मूळ छटा शोधायची ती स्क्रूच्या टोपीखाली, ॲशट्रेच्या मागे, जिथे ऊन पोचलं नाही तिथे. शिरा कुठल्या दिशेनं धावतात तेही टिपून ठेवायचं. मग टाकाऊ पत्र्यावर नमुने, आणि तेही लॅकर मारून सुकल्यावरच पारखायचे, कारण लॅकरखाली रंग गडद दिसतो.

हात बसला की कलाकारी सुचते: प्रत्येक दारावर वेगळी गाठ, वेगळा भोवरा, जंगलात असतो तसा. पण कारखान्याकडे प्लेटा मोजक्याच होत्या. डाव्या दारावरची गाठ उजव्या दारावर पुन्हा आली, तर ती तिथे तशीच यायला हवी.