शकुंतला पुन्हा धावली, पण प्लायवूडवर!

मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी शकुंतला आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. कापसाच्या गाठी, बाजाराला निघालेले शेतकरी, माहेरी जाणाऱ्या लेकी, सर्वांना तिने नेले. 1994 साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. पुढे गाडीही थांबली. आता मुलांना ती आजीच्या गोष्टीतच भेटते.

आम्ही कार्यालयीन कामासाठी पुण्याला गेलो असता कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले. 1998 पासून ते लोकांसाठी खुले आहे. सिग्नल पडतात, सांधे बदलतात, गाड्या आपोआप सुटतात. मनात आले, अकोल्याच्या आपल्या वस्तीतील मुलांनी शकुंतला का करू नये?

समाजमंदिराच्या खोलीत दर रविवारी काम सुरू झाले. आठ फूट बाय चार फूट प्लायवूड. रूळ व इंजिन वर्गणीतून विकत आणले, डबे पुठ्ठ्याचे. आधी गणित केले. शकुंतलेचे रूळ 762 मिलिमीटर अंतराचे, आमचे साडेसोळा. म्हणजे सुमारे 46 पट लहान. मग माणूस साडेतीन सेंटिमीटरचा! अचलपूरपर्यंतचे सुमारे 76 किलोमीटर 46 पटीने लहान केले, तरी दीड किलोमीटरपेक्षा जास्त रूळ लागतील. म्हणून फक्त मूर्तिजापूर, बनोसा, अंजनगाव आणि अचलपूर घेतले.

अशा गाडीत सेल नसतो. ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्टचा डी.सी. प्रवाह एका रुळातून इंजिनात जातो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. आम्ही हिशेबाच्या कामातले. मुलांना सांगितले, हा जमाखर्चच आहे. दोन बाजू एकमेकींत मिसळल्या की खाते बिघडले.

सरळ मार्गावर गाडी झकास धावली. मग अचलपूरला गाडी आपोआप वळून परत यावी म्हणून आम्ही रुळांचा फेरा आखला. तिसऱ्या रविवारी नववीतल्या एका मुलाने शेवटचा जोड दिला. ट्रान्सफॉर्मर घुरघुरला, दिवा विझला. आम्ही सगळ्यांसमोर त्याला बोललो, "लाल-काळी तार पाहून जोडता येत नाही का?"

"काका, म्या बरोबर जोडली होती," एवढेच तो म्हणाला. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

शेवटी वस्तीतील एका वायरमनला बोलावले. त्यांनी फेऱ्याचा जोड काढला, दिवा लागला; जोडला, विझला. मग बोट ठेवून रूळ दाखवला. "भाऊ, तार नाही चुकली. नकाशा चुकला. डावा रूळ फिरून उजव्याला भेटला ना!"

चूक आमची होती. त्याच संध्याकाळी आम्ही मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर म्हणालो, "तुझे बरोबर होते, बाळा. आम्ही न तपासता बोललो." आई म्हणाली, "दोन रविवार घरातच बसून होता, भाऊ."

दुरुस्ती त्यानेच केली. फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लॅस्टिकचे तुकडे बसवले. फेऱ्याला वेगळी तार दिली आणि मुख्य मार्गाला सहा टोकांचा उलटसुलट स्विच लावला. गाडी पूर्ण फेऱ्यात असताना स्विच फिरवायचा. म्हणजे बाहेर पडताना दोन्हीकडचा प्रवाह जुळतो. त्यासाठी फेरा गाडीपेक्षा लांब हवा.

पालकहो, आपल्या वस्तीतही असा खेळ मांडा. पुठ्ठा, तार, दोन-तीन जाणती माणसे पुरेत. ट्रान्सफॉर्मरचे 230 व्होल्टचे जोड मात्र वायरमनकडूनच करून घ्या. आणि दिवा विझला तर आधी जोड तपासा, मग बोला. लेकराला दोष देणे सोपे असते. त्याचा विश्वास परत मिळवायला घरी जावे लागते.