वही कोणाच्या हातात?

पदवीच्या वर्गाचे भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक चालू आहे. एका टेबलाभोवती तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे उपकरण हाताळतात, मुलगी वहीत रीडिंग टिपते. सोलापुरात आम्ही हे दृश्य अनेकदा पाहिले आहे. तिला तसे कोणी सांगितलेले नसते. ‘मुलींचे अक्षर चांगले असते’ एवढे कारण पुरते.

मुलींना चढाओढ मानवत नाही, असा समज आहे. तो तपासून पाहू. २००३ साली उरी ग्नीझी व सहकाऱ्यांनी इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेच्या विद्यार्थ्यांना संगणकावर भूलभुलैये सोडवायला दिले. सुटलेल्या प्रत्येक कोड्याचे पैसे मिळत, तेव्हा मुलग्यांची सरासरी ११.२ आणि मुलींची ९.७ होती. गटातल्या पहिल्यालाच पैसे, असे ठरताच मुलगे १५ वर गेले, मुली मात्र १०.८ वरच राहिल्या. पण फक्त मुलींच्या गटात हीच चढाओढ लावली, तेव्हा त्यांची सरासरी १२.६ झाली! म्हणजे प्रश्न केवळ स्पर्धेचा नव्हता, ती कोणाशी आहे याचाही होता.

मग हा स्त्रीस्वभाव म्हणावा का? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेंडू बादलीत टाकण्याच्या खेळासाठी स्पर्धा हवी की नको, हे खेळणाऱ्यांनाच ठरवू दिले. टांझानियातील पितृसत्ताक मासाई समाजात ५० टक्के पुरुषांनी आणि २६ टक्के स्त्रियांनी स्पर्धा निवडली. आपल्या मेघालयातील खासी समाजात वंश आईकडून चालतो. तेथे स्त्रिया ५४ टक्के, तर पुरुष ३९ टक्के! स्वभावापेक्षा घडण महत्त्वाची, असेच हे आकडे सुचवतात.

मग स्पर्धा टाळून गट पाडले की झाले का? नाही. आपल्या टेबलाभोवतीही गटच होता. सहकार्याची आखणी करावी लागते. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे एलियट अ‍ॅरनसन यांनी ‘जिगसॉ’ पद्धत वापरली. समजा, विषय आहे ‘सोलापूरचे पाणी’. चौघांच्या गटात एकाने पाऊस अभ्यासायचा, दुसऱ्याने उजनी धरण, तिसऱ्याने हिप्परगा तलाव, चौथ्याने भूजल. प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा. चाचणी मात्र प्रत्येकाची वेगळी आणि सर्व भागांवर. अशा वेळी कोणाचेही म्हणणे डावलून चालत नाही.

प्रात्यक्षिकातही दर तासाला कामे बदलता येतील. पुढच्या तासाला शिक्षकांनी घड्याळ लावून पाहावे : उपकरण कोणाच्या हातात किती मिनिटे होते, आणि वही कोणाच्या?