रडार, सागरी लाटा आणि जहाजाच्या हालचालींचे पूर्वानुमान

जहाजावरील रडारच्या पडद्यावर जहाजाभोवती जो विखुरलेला उजेड दिसतो, त्यास नाविकांनी दीर्घकाळ उपद्रव मानले. लहान होड्या आणि बोये ह्यांचे प्रतिध्वनी त्यात बुडून जातात. म्हणून तो दाबून टाकण्याची सोय अशा रडारमध्ये केलेली असते. परंतु हा उजेड समुद्राच्या पृष्ठभागाकडूनच येतो आणि त्यात लाटांचे वृत्त दडलेले असते. ते कसे वाचावयाचे, आणि त्यावरून जहाज पुढील मिनिटात किती डोलेल हे कितपत सांगता येते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नौकानयनात सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या रडारची तरंगलांबी सुमारे ३ सेंटिमीटर असते. हे तरंग मुख्यतः वाऱ्याने उठलेल्या सुमारे दीड सेंटिमीटर लांबीच्या तरंगिकांवरून परततात. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या लाटांशी रडारचा असा मेळ बसतो, हे क्रॉम्बी यांनी १९५५ साली कितीतरी दीर्घ रेडिओतरंगांच्या बाबतीत दाखविले होते. मोठी लाट ह्या तरंगिकांना कोठे दाट तर कोठे विरळ करते, आपल्या उतारासह त्यांना रडारकडे कलविते आणि आपल्या पाठीमागील पाणी झाकून टाकते. त्यामुळे पडद्यावर उजळ व काळोखे पट्टे उमटतात. तात्पर्य, रडारला लाटेची उंची दिसत नाही. तिची खूण तेवढी दिसते.

ही खूण विश्वसनीय ठरते ती जलतरंगांच्या एका नियमामुळे. अँटेनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर, म्हणजे साधारणतः दर एक ते अडीच सेकंदांनी, नवे चित्र मिळते. अशा चित्रमालिकेचे विश्लेषण केले असता प्रत्येक घटकलाटेची लांबी, दिशा व आवर्तकाल हाती येतात. खोल पाण्यात लांबी व आवर्तकाल हे परस्परांशी बांधलेले असतात : ५ सेकंदांची लाट सुमारे ३९ मीटर, तर १० सेकंदांची लाट सुमारे १५६ मीटर लांब असते. ह्या संबंधात जे बसत नाही ते बहुतांशी गोंगाट म्हणून वगळता येते. व्याकरण ठाऊक असणाऱ्यास गलक्यातूनही वाक्य ओळखता येते, तसाच हा प्रकार होय. संपूर्ण नियमच एका बाजूस सरकलेला दिसला, तर त्यावरून पाण्याच्या प्रवाहाचा वेगही काढता येतो. यंग, रोझेन्थाल व झीमर यांनी १९८५ साली ही पद्धती मांडली.

उंचीचा प्रश्न मात्र अप्रत्यक्षपणेच सुटतो. नियमात बसणारी ऊर्जा आणि उरलेला गोंगाट ह्यांच्या गुणोत्तरावरून ती अनुमानिली जाते, आणि हे अनुमान लाटा मोजणाऱ्या बोयाच्या नोंदींशी ताडून घ्यावे लागते. वारा सेकंदाला सुमारे ३ मीटरांहून मंद असेल, तर तरंगिकाच पुरेशा उठत नाहीत आणि पडदा जवळजवळ मुका राहतो.

आता जहाजाकडे वळू. अनियमित समुद्र ही अनेक नियमित लाटांची बेरीज मानावी, आणि प्रत्येक लाटेस जहाज देत असलेल्या प्रतिसादांचीही बेरीज करावी, असा मार्ग सेंट डेनिस व पियर्सन यांनी १९५३ साली दाखविला. त्यातून जहाज सरासरीने किती डोलेल हे कळते. परंतु डेकवर हेलिकॉप्टर उतरविणाऱ्या वैमानिकास सरासरीचा उपयोग नाही. त्यास पुढील काही सेकंदांची स्थिरता हवी असते. त्यासाठी प्रत्येक लाट या क्षणी नेमकी कोठे आहे हे कळावे लागते, आणि रडारचे महत्त्व येथेच आहे.

ह्या पूर्वानुमानास निसर्गतःच मर्यादा आहे. खोल पाण्यात लाटांच्या समूहाचा वेग एकेका शिखराच्या वेगाच्या निम्मा असतो. १० सेकंदांच्या लाटांचा समूह सेकंदाला सुमारे ८ मीटर पुढे सरकतो. तेव्हा एक किलोमीटरवर दिसलेला समूह थांबलेल्या जहाजापर्यंत पोहोचण्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. लांब लाटा लवकर येतात, आखूड मागे राहतात. शिवाय मोठ्या डोलण्यात साध्या बेरजेचा नियम ढळतो. यास्तव पूर्वानुमानाची मुदत मिनिटांतच मोजावी लागते.

अशा यंत्रणेची परीक्षा केवळ तिच्या सरासरी अचूकतेवरून करणे योग्य नव्हे. ‘आता डेक स्थिर राहील’ असे तिने सांगितल्यावर किती वेळा तो स्थिर राहिला नाही, हे पाहिले पाहिजे. कारण त्या एका वाक्यावर विसंबून माणसे खाली उतरत असतात.