कोंबडीच्या खोप्यात काय घालावे?

कोंबडीचे दाणे, लस आणि अंड्यांचा भाव यांची चौकशी सर्वजण करतात. ती जिथे बसून अंडे घालते तिथे खाली काय पसरले आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. परसात दहा-बारा कोंबड्या असल्या की हाताशी येईल ते खोप्यात कोंबायचे, अशी आपली रीत: फाटके पोते, रद्दी, सुताराकडचा भुसा, गोठ्यात उरलेले काड. यातले काही निर्धोक आहे, काही मुळीच नाही.

अंड्याचे कवच म्हणजे काच नव्हे. त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. नुकतेच घातलेले अंडे कोंबडीच्या अंगाइतके गरम आणि ओलसर असते. ते निवताना आतला भाग आकसतो व छिद्रांवाटे बाहेरची हवा आत ओढली जाते. खाली विष्ठेने भिजलेले तूस असेल तर त्यातले जंतूही आत जातात. मळके अंडे थंड पाण्यात बुचकळून धुतले तरी हेच घडते. सुक्या फडक्याने पुसावे. धुवायचेच झाले तर पाणी अंड्याहून कोमट हवे व ते अंडे लगेच वापरावे.

चार इमलीसारख्या भागात घरामागे मोकळी जागा असते, झाडांची सावली असते, त्यामुळे कोंबड्या ठेवण्याचा मोह साहजिक आहे. गादीसाठी भोपाळमध्ये सर्वात सहज मिळते ते गव्हाचे काड. इकडे हिंदीत त्याच्या चुऱ्याला ‘भूसा’ म्हणतात. आपण मराठी माणसे भुसा म्हटले की लाकडाचाही समजतो, तेव्हा मागताना नीट सांगावे. कोरडे, पिवळे, बोट-दोन बोट लांबीचे कापलेले गव्हाचे काड उत्तम. भाताचा पेंढा तसाच चालतो. भाताचे तूस व रंध्याचे कीसही चांगले. मात्र कीस साध्या लाकडाचे हवे. प्लायवूड किंवा वाळवीचे औषध लावलेले लाकूड जिथे कापतात तिथला भुसा फुकट मिळाला तरी आणू नये. अगदी बारीक भुसा पिल्ले दाणा समजून टिपतात आणि त्याची धूळ नाकात जाते. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. पोत्याचे सुटे दोरे नखांना व बोटांना गुंडाळतात. बी-बियाणे वा औषधे ज्यात आली ते पोते तर खुराड्याच्या जवळपासही नको.

खरा शत्रू पावसाळ्यात येतो. भोपाळला वर्षाला सुमारे ११०० मि.मी. पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत ओल लागलेल्या काडावर बुरशी धरते. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण श्वासावाटे गेले की पिल्ले चोच उघडून धापा टाकतात व पटापट मरतात. हा रोग एका पक्ष्याकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि त्यावर परसात करण्यासारखा इलाजही नाही. काड बदलणे हाच उपाय. कुबट वास आला की ते फेकावे. उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची काटकसर महागात पडते. असे काड झटकणाऱ्या माणसाच्या छातीलाही ते बाधते. तोंडावर फडके बांधावे, मोकळ्या हवेत काम करावे. १९८४ च्या वायुकांडात ज्यांची फुप्फुसे दुखावली त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पावडरीविषयी. खोप्याच्या फटीत दिवसा लपून रात्री कोंबडीचे रक्त पिणारा एक बारीक लाल किडा असतो. अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो, खुडूक कोंबडी अंडी सोडून उठते. मग शेजारी सांगतो, थोडी कीटकनाशक पावडर भुरभुरा. पूर्वी बीएचसी असेच वापरत. त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. दुसरे औषध कार्बारिल, म्हणजे सेव्हिन. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या वायूने भोपाळमध्ये हजारो माणसे मारली, तो याच औषधाच्या निर्मितीसाठी युनियन कार्बाइडच्या कारखान्यात साठवलेला होता. कार्बारिलवर भारत सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली. तरी कुणाच्या माळ्यावर जुना डबा असतोच. २०१७ मध्ये हॉलंड-बेल्जियममध्ये याच लाल किड्यासाठी खुराड्यांत फिप्रोनिल वापरले गेले, ते अंड्यांत उतरले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. खोप्यातले विष शेवटी आपल्या मुलांच्या ताटात येते.

त्यापेक्षा पेटी रिकामी करून फटींत उकळते पाणी ओतावे, कडक ऊन दाखवावे, चुन्याचा हात मारावा व वाळल्यावरच नवे काड घालावे. आठवड्याने पुन्हा हेच करावे, कारण उष्ण हवेत या किड्याची नवी पिढी तेवढ्यात तयार होते. रिकाम्या खुराड्यातही तो महिनोन् महिने उपाशी तग धरतो. कोंबड्यांना धूळस्नानासाठी कोरडी माती व चुलीची राख वेगळ्या पाटीत द्यावी.

चार-पाच कोंबड्यांना एक फूटभर लांब-रुंद पेटी पुरते. काड दोन-तीन इंच जाड असावे. झोपण्याची दांडी पेटीहून उंच लावावी, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि सकाळी गादी विष्ठेने भरलेली सापडते. अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. कोंबडी खुडूक बसवण्यापूर्वी काड पूर्ण बदलावे, कारण पुढचे २१ दिवस तिला उठवता येत नाही.

दुसऱ्याच्या खुराड्यातले वापरलेले काड मात्र कधीही आणू नये. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा त्याचे निदान आपल्या भोपाळच्याच पशुरोग प्रयोगशाळेत झाले. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. निरोगी खुराड्यातले जुने काड खड्ड्यात टाकून दोन-तीन महिने कुजवावे. ताजे टाकल्यास भाजीची रोपे करपतात.